आठ ट्रॅक, तीन टेक, पाच आवाज: घरच्या स्टुडिओत गाणं पुरं करायचं गणित

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीतल्याच एका मंडळानं गणपतीच्या आगमनाचं गाणं माझ्याकडे दिलं. जुलैत ॲडव्हान्स घेतला. विश्रामबागेतली माझी दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, एक माइक, दोन स्पीकर आणि हार्ड डिस्कवर गोळा केलेले हजारो आवाज. नुसत्या ढोलाचेच मी अकरा थर लावले. ताशा जरा पातळ वाटला म्हणून त्याच्याखाली दुसरा ताशा, मग दोन्ही मिळून कर्कश झाले म्हणून वर एक पॅड, म्हणजे कीबोर्डचा लांबणारा, भरणीचा आवाज. गणपती आले, बसले, कृष्णेत विसर्जनही झालं आणि आगमनाचं गाणं मिक्सिंगलाच! प्रोजेक्टमध्ये तेव्हा चौसष्ट ट्रॅक, म्हणजे एकेका आवाजाच्या वेगळ्या पट्ट्या, होत्या. ॲडव्हान्स गुपचूप परत केला.

तेव्हापासून कुठलंही गाणं हातात घेतलं की आधी एका कागदावर पाच-सहा आकडे लिहितो आणि तो कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवतो. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडायचं. हा लेख नव्यानं घरी गाणी करायला लागलेल्यांसाठी आहे. रीपर, गॅरेजबँड, एफएल स्टुडिओ, काहीही वापरत असाल तरी चालेल. अजून सॉफ्टवेअर घेतलंच नसेल तर एवढं लक्षात ठेवा: रीपर साठ दिवस पूर्ण क्षमतेनं वापरून बघता येतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेतल्याशिवाय तो पुन्हा उघडत नाही. म्हणजे गाणं एका बैठकीत संपवा, नाहीतर सोडून द्या. कंपनीनं ते आपल्या भल्यासाठी केलेलं नाही, पण माझी पहिली दोन गाणी पुरी झाली ती त्यामुळेच.

कॉम्प्युटर 'बस' म्हणत नाही, ही खरी अडचण. जुनी यंत्रं म्हणायची. १९६७ पर्यंत बीटल्सचं जवळजवळ सगळं काम दोन आणि चार ट्रॅकच्या टेपवर झालं. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाजवायचं. एकदा मिसळलं की ढोल वेगळा काढून कमी-जास्त करता येत नसे, म्हणून निर्णय तिथल्या तिथे व्हायचा. १९८७ मध्ये आलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे (सॅम्पल) वाजवणाऱ्या यंत्रात, सगळे आवाज मिळून जेमतेम दहा सेकंद मावायचे. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी त्यावर तोड काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवायची, कमी सेकंदांत मावणारं सॅम्पल घ्यायचं आणि मशीनमध्ये पुन्हा सावकाश करायचं. त्यात आवाजाला जो खरखरीतपणा आला, तो मिळवायला आज लोक पैसे देऊन प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, घेतात.

आपल्याकडे तर हे शेजारीच आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याला जवारी लावताना, म्हणजे तारेला तो गुंजणारा आवाज आणताना, एकदा बघा. तारा बहुधा चारच. आवाज भरीव करायला तिथे तारा वाढवत बसत नाहीत. सगळी मेहनत घोडीवर, तारेखालच्या त्या दोऱ्याला केसभर पुढं-मागं सरकवण्यात.

आधी जुनं मोजा

आकडे हवेतून काढायचे नाहीत. तुमची अर्धवट राहिलेली तीन गाणी उघडा. एकेक ट्रॅक बंद करून गाणं ऐकत जा. बंद केल्यावर फरक कळला तर कागदावर फुली, नाही कळला तर गोळा. ट्रॅकचं नाव न बघता, शक्यतो डोळे मिटून हे करा आणि माउस दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. माझ्या त्या चौसष्टांपैकी फुल्या पडल्या अकरा. त्रेपन्न ट्रॅक मी स्वतःच्या समाधानासाठी वाजवत होतो.

तिन्ही गाण्यांच्या फुल्यांची सरासरी काढा, त्यातून दोन-तीन वजा करा, आणि आला तो तुमचा आकडा. बहुतेकांचा सहा ते दहाच्या मध्ये येतो. मी आठ धरतो आणि पुढची सगळी उदाहरणं आठचीच देतो. तुमचा सहा आला तर सहा ठेवा, माझ्या आठला काही सोन्याचा मुलामा नाही.

लय आणि लांबी

दुसरा आकडा बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके. पंधरा मिनिटांत ठरवा. गायकाला मुखडा दोनदा गुणगुणायला लावायचा, मोबाइलच्या मेट्रोनोमवर बोटानं ठोके द्यायचे आणि येणारा आकडा जवळच्या सम संख्येवर आणायचा. एकदा ठरलं की गाणं संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, कारण रेकॉर्डिंगनंतर लय ओढली-ताणली की आवाजाचा कस जातो.

समजा ९६ आले आणि ठेका सरळ चाराचा आहे. एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा, चार ठोक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा. तीन मिनिटांत मग बरोबर ७२ बार बसतात. ते आधीच वाटून टाका: सुरुवातीचं संगीत ४, मुखडा दोनदा मिळून १६, मधला तुकडा ८, पहिला अंतरा १२, मुखडा ८, छोटा तुकडा ४, दुसरा अंतरा १२, शेवटचा मुखडा ८. झाले ७२. टाइमलाइनवर तेवढे मार्कर लावून रिकामं गाणं एकदा क्लिकसह, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीसह, पळवा. कंटाळा कुठे येणार आहे ते एक स्वरही न वाजवता कळतं.

रूपक किंवा झपतालात बांधलेली चीज असेल तर सॉफ्टवेअरमधलं मीटर, म्हणजे एका बारात किती ठोके ते, आधी बदला. रूपकाला सात, झपतालाला पाचाचे दोन बार. चाराच्या ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या ठोक्यांच्या रेघांवर, रूपक बसवायला गेलात की सम दर वेळी वेगळ्या रेघेवर पडते आणि कॉपी-पेस्ट करताना अर्धी मात्रा कधी गळते ते समजत नाही. मी हे एका अभंगावर शिकलो. तबलेवाल्यानं दोन तास माझ्याकडे नुसतं बघितलं.

तीन मिनिटं कमी वाटतात? ७८ च्या वेगाच्या रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, आणि मध्ये चूक झाली तर तेवढा तुकडा कापून जोडायची सोय नव्हती. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी तेवढ्यातल्याच आहेत. तेवढ्या वेळात राग समोर उभा राहत असेल, तर आपल्या वाढदिवसाच्या गाण्याला सहा मिनिटं कशाला लागावीत?

आठ ट्रॅक, आणि त्यातली चोरी

आता मुख्य पायरी. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आठ ट्रॅक करा आणि काही वाजवायच्या आधी त्यांना नावं द्या. भक्तिगीताची माझी मांडणी अशी असते: मुख्य आवाज, कोरस, हार्मोनियम, ढोलकी, टाळ, बेस, तंबोरा. ही सात झाली. आठवा रिकामा. त्याला मी 'पाहुणा' असं नाव देतो. बासरी सुचली, कुणी व्हायोलिनवाला गावात आला, तर तो तिथे बसतो. कुणीच नाही आलं तर जागा रिकामी राहते, आणि तसंच एक्सपोर्ट करायचं.

नववा ट्रॅक हवासा वाटला तर नियम एकच: एकाला उठवल्याशिवाय दुसरा बसत नाही. एसटीच्या रिझर्व्हेशनसारखं समजा.

इथे माणूस चोऱ्या करतो, मीही केल्या आहेत. फोल्डरमध्ये तेरा ट्रॅक कोंबून 'हा एकच ढोल आहे' म्हणायचं. तो एक नव्हे, तेरा. एका ट्रॅकवर कीबोर्डचे तीन आवाज एकावर एक चढवायचे, तेही तीनच मोजायचे. सूट द्यायचीच असेल तर जुन्या टेपवाल्यांसारखी द्या. चार हलग्या वाजवा, त्यांचा तोल तिथेच ठरवा, एक ऑडिओ फाइल करून एका ट्रॅकवर ठेवा आणि मूळ चार प्रोजेक्टमधून काढून टाका. मागे फिरायचा रस्ता बंद झाला की तोल ठरवताना कान आपोआप टवकारतात.

ट्रॅक वाढले की गाणं गढूळ का होतं, हेही माहीत असावं. पुरुषाच्या आवाजाचं, हार्मोनियमचं, ढोलकीच्या धुमाचं आणि पॅडचं बरंचसं वजन साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात पडतं. काळी एकचा सा घ्या: खर्जाच्या वरचा, म्हणजे पुरुष गायकाचा मधला सा, १३९ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या दुप्पट आणि तिप्पट कंपनांचे उपस्वर थेट याच गर्दीत. एकाच पट्ट्यात चार जण बोलायला लागले की त्यातला जोरकस ऐकू येतो आणि बाकीचे नुसता चिखल करतात. म्हणून आठाच्या आत माझा आणखी एक छोटा आकडा आहे: गायक गात असताना त्या पट्ट्यात त्याच्यासोबत दुसरं एकच वाद्य. हार्मोनियम असेल तर पॅड गप्प. पॅड हवा असेल तर हार्मोनियम फक्त ओळीच्या शेवटी. एवढा एक नियम पाळलात तर ईक्यूचं, म्हणजे आवाजातले पट्टे कमी-जास्त करण्याचं, निम्मं काम वाचतं.

आवाज शोधण्यात दिवस घालवू नका

प्रत्येक वाद्यासाठी पाच प्रीसेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधले तयार आवाज, ऐकायचे आणि दहा मिनिटांचा गजर लावायचा. पाचांतला सर्वांत कमी वाईट निवडायचा आणि पुढं जायचं. सहाव्यात हिरा असेल ही शंका मनात राहणारच. राहू द्या, पुढच्या गाण्याला तिथून सुरुवात करता येते.

याहून चांगला उपाय म्हणजे स्वतःच्या तीस आवाजांचं एक फोल्डर. हलगी कुणाच्यातरी घरी असतेच. ती शेकून घ्या, मोबाइल हातभर लांब धरा आणि मोकळ्या खोलीत वाजवा. मधोमध थाप, कडेची टिपरी, दाबून मारलेली, अशा चार-पाच तऱ्हा आणि प्रत्येकीचे तीन-तीन ठोके. तेच ते सॅम्पल पुन्हा पुन्हा वाजलं की मशीनगन वाटते, तीन आलटून-पालटून वाजले की माणूस वाटतो. बाहेरून आणलेल्या लूपच्या (तयार ठेक्यांच्या) पॅकमधली हलगी तुमच्या गाण्यात आहे तशीच दुसऱ्या शंभर जणांच्या गाण्यात असते, आणि सांगली-कोल्हापूरच्या कानाला ती दोन सेकंदांत ओळखू येते.

स्वरांवरही मर्यादा घालता येते. भूप घ्या, स्वर पाचच: सा रे ग प ध. मिडी क्लिपमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या स्वरांच्या नोंदीत, बाकीच्या पट्ट्या झाकून टाका. चाल सुचत नसेल त्या दिवशी मी हे करतो, रोज नाही.

तीन टेक

रेकॉर्डिंगपूर्वीचे आकडे आधी उरकू. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठ्या सुराला आवाजाच्या पातळीचं मीटर उणे १० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहील एवढाच गेन, म्हणजे माइकची उचल. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल ठेवलात तर त्यापोटी उशीर फक्त तीन मिलिसेकंदांचा. कॉम्प्युटर दमला आणि कडकड यायला लागली तर २५६. मिक्स करताना १०२४ वर न्या, तेव्हा कुणी गात नसतं.

आता टेक. पूर्ण गाणं तीनदा गायचं. तुकड्या-तुकड्यांनी गायचं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चूक झाली तरी थांबायचं नाही. पहिला टेक गायकाची भीती घालवण्यात जातो, पण त्यातच एखादी जागा अशी येते की ती परत येत नाही. दुसरा बहुधा सर्वांत सरळ. तिसऱ्यात 'हा शेवटचा' हे माहीत असल्यामुळे माणूस जीव ओततो. चौथ्यापासून काय होतं ते मी पुरेपूर भोगलंय. गायक तुमच्या चेहऱ्याकडे बघून गायला लागतो, घसा कोरडा पडतो, आणि रात्री अकरा वाजता तुमच्याकडे सव्वीस टेक असतात. ओळ एकमधला शब्द टेक नऊमधून, श्वास टेक सतरामधून, असं ठिगळकाम दोन दिवस चालतं. शेवटी जे तयार होतं ते कुठल्याच माणसानं गायलेलं नसतं.

तीन टेक झाले की पंधरा मिनिटं चहा. मग तिन्ही ऐकून एक टेक निवडायचा. त्यात जास्तीत जास्त पाच ठिकाणी दुरुस्ती, उरलेल्या दोन टेकमधून उचलून किंवा तेवढीच ओळ पुन्हा गाऊन. पाचांत भागत नसेल तर गायकाची तयारी झालेली नाही. त्याला घरी पाठवा, आठवड्यानं बोलवा. हे सांगताना जीभ जड होते, विशेषतः गायक पाहुण्यातला असेल तर. 'दादा, आज घसा बसलाय तुमचा, पुढच्या रविवारी बघू' असं म्हणायचं. सगळ्यांना कळतं, कुणी दुखावत नाही.

ढोलकी, तबला, हार्मोनियम, सगळ्यांना हाच नियम.

एकच खोली

इफेक्टमध्ये रिव्हर्ब (खोलीची घुमक) एक आणि डिले (प्रतिध्वनी) एक. दोन्ही सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा थोडा-थोडा आवाज जिथे पाठवता येतो त्या सामाईक जागी लावा, ट्रॅकवर नकोत. प्रत्येक ट्रॅकला वेगळा रिव्हर्ब लावलात की गायक भावे नाट्यमंदिरात, ढोलकी विहिरीत आणि हार्मोनियम न्हाणीघरात वाजतंय असं वाटतं. सगळ्यांना एकाच खोलीत बसवा आणि कोण किती मागे बसला आहे ते सेंडच्या पातळीनं ठरवा. दीड सेकंदाचा साधा हॉल पुष्कळ झाला. डिलेचा वेळ लयीतून काढायचा: ९६ च्या लयीला ६२५ मिलिसेकंद, किंवा त्याच्या निम्मे.

प्रत्येक ट्रॅकवर प्लगइन फार तर दोन, एक ईक्यू आणि एक कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आवरून चढ-उतार कमी करणारा. ईक्यूत आधी कापायचं, मग गरज पडली तर वाढवायचं, आणि वाढवताना ३ डीबीच्या वर जायचं नाही. ६ डीबी म्हणजे सिग्नल दुप्पट. एवढं वाढवावं लागत असेल तर माइक चुकीच्या जागी होता असं समजा.

तीन ठिकाणी ऐकणं, पाच ओळी लिहिणं

पहिलं मिक्स झालं की कॉम्प्युटर बंद. गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, इअरफोनवर ऐका आणि कुणाच्या तरी गाडीत ऐका. सांगलीत मी आयर्विन पुलावरून एक चक्कर मारतो. रहदारीच्या आवाजात शब्द कळले तर आवाजाची पातळी बरोबर. हातात कागद, त्यावर दुरुस्तीच्या फक्त पाच ओळी. 'ढोलकी जड', 'दुसऱ्या अंतऱ्यात श्वास मोठा', अशा. परत येऊन तेवढंच करायचं. असे फेरे तीन. फाइलला नाव द्यायचं मिक्स १, मिक्स २, मिक्स ३. 'फायनल नवीन खरंच फायनल २' अशा नावाची फाइल ज्यांच्याकडे आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकालाही आकडा सांगा, आणि ॲडव्हान्स घेतानाच: बदलाच्या दोन फेऱ्या, सगळे बदल एकदम लिहून पाठवायचे, तिसऱ्या फेरीला वेगळे पैसे. निवडणुकीच्या गाण्यात तर हे लेखीच घ्या. तिथे गाणं झाल्यावर नेत्यांची नावं वाढत जातात आणि प्रत्येक नाव ठेक्यात बसत नाही.

एक्सपोर्ट करताना सर्वांत वरचा कळस उणे १ डीबीवर अडवा. आवाजाचा एकंदर जोर स्पॉटिफायसाठी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा जोर मोजायच्या एककाच्या) आसपास असला की पुरतो. त्याहून जोरात दिलंत तर तेच खाली आणतात.

काय मोजायचं नाही

बॅकअप. दोन जागी ठेवा, तीन ठेवा, कंजुषी नको. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या ओळखीच्या लोकांच्या तळमजल्यावरच्या वस्तू गेल्या, तेव्हापासून माझी एक डिस्क मिरजेला बहिणीकडे माळ्यावर असते. रियाज मोजायचा नाही. गायकाला पाणी प्यायला किती वेळ लागतो तेही नाही.

आणि आकडा बदलायचा तर दोन गाण्यांच्या मध्ये बदलायचा, गाणं चालू असताना कधीच नाही. गाणं दिल्यावर त्याच कागदाच्या मागे लिहा, कुठला आकडा टोचला आणि कुठला जाणवलाही नाही. सलग तीन गाण्यांत एकच आकडा टोचला तर तो एकानं वाढवा. जो जाणवला नाही तो एकानं कमी करा. माझे टेक आधी पाच होते, ते तीनवर आले. ट्रॅक सहा होते, ते आठ झाले, कारण टाळाशिवाय भजन होत नाही हे तीनदा कळलं.

त्या मंडळानं मला पुढच्या वर्षी पुन्हा गाणं दिलं, का ते त्यांनाच माहीत. या वेळी ॲडव्हान्स घेतला नाही. ढोल, ताशा, झांज, शंख, बेस, मुख्य आवाज आणि कोरस, असे सात ट्रॅक. गणपतीच्या बावीस दिवस आधी मिक्स २ ऐकवायला त्यांच्या एका पोराला बोलावलं. त्यानं डोकं हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाला, ''काका, शेवटी आमच्या पोरांचा आवाज पाहिजे होता राव.''

पाहुण्याची जागा रिकामीच होती. संध्याकाळी नऊ पोरं त्या दहा बाय बाराच्या खोलीत उभी केली, पंखा बंद केला आणि 'मोरया'चे तीन टेक घेतले. दुसरा ठेवला.